हवेची पेटी आणि आमची वहिनी

आमच्या वहिनीनं छत्री विकत घेतली ती हकिकत आधी सांगतो, म्हणजे बाई कशी आहे ते पुढं पानभर समजावत बसायला नको. दुकानदार म्हणाला, "ताई, एक थेंब आत येणार नाही." वहिनी म्हणाली, "खात्री काय?" दुकानदार हसला. इथंच चुकला बिचारा. वहिनीनं त्याला दुकानाबाहेर बोलावलं, छत्री उघडून त्याच्याच डोक्यावर धरायला लावली आणि त्याच्याच दारातली पाण्याची बादली उचलून वरून उपडी केली. छत्री गळली नाही. दुकानदार मात्र दोन्ही खांद्यांनी निथळत उभा. वहिनी म्हणाली, "चांगली आहे, पण लहान आहे. मोठी दाखवा."

तर ही आमची वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. वस्तीत तिला कुणी नावानं ओळखत नाही. सगळे खात्रीमावशी म्हणतात, आणि तिला ते आवडतं. एकदा डॉक्टरांनी दादाला खोकल्याचं औषध लिहून दिलं, तर हिनं विचारलं, "तुम्हाला खोकला झाला की तुम्ही हेच घेता का?" डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. हिनं चिठ्ठी परत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मग तुम्ही घेता ते लिहा." त्यांनी लिहिलं की हो! दादाचा खोकला मात्र कशानंच हलला नाही. का नाही, ते आता येईलच.

वहिनीचं काम धुलाईचं. दवाखान्यातल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्याकडं येतं. मागच्या अंगणात भट्टी, शेजारी सोड्याचे आणि निळीचे टब, खळीचं पातेलं, इस्त्रीचं लांब टेबल, आणि पलीकडं मोकळ्या मैदानात दोऱ्याच दोऱ्या. वहिनी, दादा, मुलगा, सून आणि गल्लीतल्या चार बाया, एवढ्यांचं पोट त्या दोऱ्यांवर टांगलेलं. मैदानाच्या एका कडेला उंच भिंत आहे आणि भिंतीच्या पलीकडं बसडेपो. खालचा डेपो म्हणतात त्याला, कारण शहराच्या वरच्या बाजूला टेकडीवर दुसरा आहे. खालच्या डेपोत मी इंजिनं दुरुस्त करून म्हातारा झालो. तेव्हा भिंतीच्या त्या बाजूला काय होतं हे मला ठाऊक, आणि या बाजूला काय उतरतं हे वहिनीला ठाऊक.

सकाळी गाड्या निघायच्या आधी थंड इंजिनं एकदम सुरू करतात. गाड्या तापवणं म्हणतो आम्ही. जुनं डिझेल इंजिन थंड असलं की पहिला धूर टाकतं तो काळा, जाड, जणू कुणी गोधडी झटकतंय. तो भिंतीवरून आमच्या बाजूला उतरतो. संध्याकाळी गाड्या परत आल्या की पुन्हा तेच. मग धुलाईवाल्यांनी काय केलं? एक रीत पाडून घेतली. भिंतीपलीकडं पहिलं इंजिन खाकरलं रे खाकरलं, की ज्याच्या कानावर आधी पडेल त्यानं ओरडायचं, "झाका!" आणि हात पोचेल त्या प्रत्येक वस्तूवर ओली जुनी चादर टाकायची. इस्त्रीच्या गठ्ठ्यावर, खळीवर, पिण्याच्या पाण्यावर. काजळी ओल्या कापडाला चिकटते, आतलं स्वच्छ राहतं. हे इतकं अंगवळणी पडलंय की बोलता बोलता, भांडता भांडता होतं. एकदा दादा खाटेवर डुलकी काढत होता, तर सुनेनं त्यालाच झाकलं. तो उठून म्हणाला, "अगं, अजून वेळ आहे!"

धूर बसला की मगच चादरी वाळत घालायच्या आणि गाड्या परतायच्या आत काढायच्या. दोन धुरांच्या मधली ती जी मोकळी दुपार, तिच्यावर सगळा धंदा. दवाखान्यानं आधीच बजावलं होतं, "चादरी करड्या दिसतात. पुन्हा दिसल्या तर काम दुसरीकडं देऊ."

अशात डेपोच्या फाटकावर नोटीस लागली. शहराला विजेवरच्या नव्या बस येणार. सगळ्या नव्या बस वरच्या डेपोला, आणि वरच्या डेपोच्या जुन्या डिझेल गाड्या खालच्या डेपोला. गाड्या दुप्पट झाल्या की दिवसभर काही येणार, काही जाणार. म्हणजे दोन धुरांच्या मधली दुपारच संपली.

वहिनीनं नोटीस वाचली, मग नोटिशीची मागची बाजू बघितली.

मी म्हटलं, "मागं काय बघताय?"

"पुढच्या बाजूला एवढं उघड लिहिलंय, म्हणजे खरं काहीतरी मागं असेल."

शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. परिवहन कचेरीतले मोठे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी, इंजिनिअर, गळ्यात ओळखपत्र, हातात गुंडाळलेले नकाशे. आम्ही तिला पाहणीवाली म्हणायला लागलो. साहेब म्हणाले, "अजून काही ठरलेलं नाही. आधी दोन्हीकडची हवा मोजू. तुमच्याकडची हवा खराब निघाली तर योजना बदलू." वहिनी माझ्या कानात म्हणाली, "आधी नोटीस लावली आणि आता मोजणार. कपडा इस्त्री करून मग कुणी धुतो का?"

दुसऱ्या दिवशी पाहणीवाली आमच्या अंगणात एक पांढरी पेटी घेऊन आली. भिंतीजवळ, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खांबावर छातीएवढ्या उंचीला ती बसवली. बाजूला जाळी, आत बारीकसा पंखा घुर्रर्र करायचा.

"हिनं काय होतं?" वहिनीनं विचारलं.

"हवा आत ओढते, मावशी, आणि तिच्यात काजळी किती ते मोजते."

"आणि खोटं बोलली तर?"

"पेटी खोटं नाही बोलत."

"पेटी नाही बोलणार गं. पेटी उघडणारा बोलेल."

पाहणीवालीनं कुलूप दाखवलं. वहिनी घरात गेली आणि आपलं दुसरं कुलूप घेऊन आली. दोन कुलपं लागली, एक किल्ली त्या मुलीच्या पिशवीत, एक वहिनीच्या कमरेला. जाता जाता मुलगी म्हणाली, "नाजूक वस्तू आहे, मावशी. पाणी उडू देऊ नका, धक्का लागू देऊ नका." वहिनी म्हणाली, "आमच्याकडं आलेल्या वस्तूला कधी डाग लागलेला नाही." आणि तिथं मी चक्क मान डोलावली, कारण ते खरंच होतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. पुन्हा शाळेचा हॉल. भिंतीवर मोठा कागद, त्यावर दोन रेघा, एक वरच्या बाजूची, एक आमची. दोन्ही जवळजवळ सारख्या! साहेब चष्मा पुसत म्हणाले, "खालच्या वस्तीची हवा उत्तम आहे. आणखी गाड्या ती सहज सोसेल."

हॉलमध्ये आधी कुणाला कळेचना. मग दादाला खोकल्याची ती मोठी उबळ आली, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. खोकला थांबल्यावर आमचा गादीवाला उठला. हा गल्लीच्या तोंडाशी गाद्या भरतो, आवाज असा की कापूस पिंजायला यंत्र नको. तो ओरडला, "पेटी फिरवली! सगळं आधीच ठरलेलं होतं!" गलका झाला. पाहणीवालीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मलाही आश्चर्य वाटलं. म्हणून आम्ही पेटी आणखी थोडे दिवस ठेवणार आहोत."

"बघा," वहिनी म्हणाली, "तिला आश्चर्य वाटलं म्हणे! चोराला कधी आश्चर्य वाटत नाही, तो दाखवतो."

तिथपासून आमच्या गल्लीत जे सुरू झालं ते सांगतो, आणि ते काही हसण्यासारखं नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडं बघायला लागला. डेपोचा वॉचमन भिंतीवरून का वाकला होता? गादीवाला म्हणाला, त्याला पढवलाय. वॉचमन म्हणाला, गादीवाल्याच्या मेव्हण्याला डेपोत चिकटवायचंय, तोच फितूर. भट्टीवरच्या बाईनं एक दिवस सुट्टी घेतली तर दुसऱ्या दिवशी तिच्याशी कुणी बोलेना. बिचारी दात दुखतो म्हणून गेली होती, तोंड उघडून दाढ दाखवत फिरली सगळ्यांना. कुणी हळू बोललं तर का हळू बोलतो, मोठ्यानं बोललं तर कुणाला ऐकवतो!

आणि एक दिवस मी अंगणात गेलो तर माझा चहा आला नाही. माझ्या भावाच्या घरात, माझा चहा! वहिनी चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "भावजी, एक विचारू? तुम्ही आयुष्यभर कुणाचा पगार घेतलात?"

"डेपोचा."

"पेटी कुणाची?"

"अहो वहिनी, मी इंजिनवाला माणूस, मला त्या पेटीतलं काय कळतं?"

"इंजिनातलं कळतं तेवढं पुरे. स्क्रू दोन्हीकडं असतात."

दादा खाटेवरून म्हणाला, "अगं, तो माझा सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर जवळ येऊ दिलं इतके दिवस," ती म्हणाली.

मला हसू आलं खरं, पण घरी येऊन जेवण गोड लागलं नाही. माझी बायको म्हणाली, "जाऊ नका आता तिकडं." मी म्हटलं, न जाऊन कसं चालेल? न गेलो तर खात्रीच होईल तिची.

पण वहिनीचा हिशेब वेगळाच होता. दुसऱ्या सकाळी तिनंच निरोप धाडला, "भावजींना म्हणावं, पेटीशेजारी स्टूल टाकून बसा. पहारा द्या."

मी गेलो. म्हटलं, "माझ्यावर संशय आणि मलाच पहारा?"

"संशय आहे म्हणूनच तर. तुम्ही इथं बसलेले असताना काही झालं, तर माणूस शोधायला लांब जायला नको."

बसलो. समोर पेटी घुर्रर्र करत होती. वहिनी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून अभ्र्यांवर हात फिरवत होती आणि तोंडानं संशयितांची उजळणी चालली होती. वॉचमन असं करू शकतो, गादीवाला तसं करू शकतो, पाहणीवाली तर काहीही करू शकते, शिकलेली आहे. आणि भिंतीपलीकडं पहिलं इंजिन खाकरलं.

"झाका!" सून ओरडली.

टबावर चादर पडली, पातेल्यावर पडली, पाण्यावर पडली. वहिनी मला सांगत होती, "भावजी, मी सांगते, पेटीपर्यंत कुणाचा तरी हात पोचतोच आहे..." आणि सांगता सांगता तिनं डाव्या हातानं गठ्ठा झाकला, उजव्या हातानं टबाच्या काठावरची ओली चादर उचलली, झटकली, आणि पेटीवर टाकली. कडा नीट ओढून, जाळीच्या खालीपर्यंत, वर एक लाकडी चिमटाही लावला. आणि पुढं, "...फक्त कुणाचा ते मला कळत नाहीये."

मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो.

"हसताय काय?"

मला बोलताच येईना. नुसतं बोट दाखवलं. तिनं आधी माझ्या बोटाकडं संशयानं बघितलं, मग बोटाच्या रोखानं, मग पेटीकडं, मग आपल्या हाताकडं. हात अजून चिमट्यावरच होता.

सून दारात उभी. तिनं तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "सासूबाई, संध्याकाळी मी टाकते. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय. नाजूक आहे म्हणून."

"मी कधी सांगितलं?"

"सांगितलं नाही. पण तुम्ही टाकताना बघितलं ना."

भिंतीवरून काळा धूर उतरत होता आणि आमची पेटी ओल्या चादरीआड नव्या नवरीसारखी स्वच्छ बसली होती. जेव्हा जेव्हा धूर आला, तेव्हा तेव्हा आम्ही तिला जिवापाड जपलं होतं. आणि धूर बसला की चादर काढून, पुसून, दुपारची चांगली हवा तिला पोटभर दिली होती.

वहिनी खाली बसली. मी तिला इतकी वर्षं बघतोय, पण तिचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. सगळ्या जगावर डोळा ठेवणाऱ्या बाईनं एकच जागा तपासायची सोडली होती, आणि ती तिच्या मनगटाला लागून होती. मग पदराला हात पुसून म्हणाली, "भावजी, चहा घेणार का?" मी म्हटलं, "साखर जरा जास्त टाका, मागची राहिलीय."

गादीवाल्याला कळलं तसा तो धावत आला. दार लावून घेतलं, आवाज उतरवला. त्याचा उतरवलेला आवाजही गल्लीभर जातो म्हणा. "मावशी, हे कुणाला सांगू नका. आता सगळी वस्ती म्हणतेय कचेरीनं फसवलं. म्हणू द्या. आपणच झाकलं असं कळलं, तर साहेब म्हणतील, यंत्राशी खेळ केला, आता तुमचं काही ऐकणार नाही. डोळ्यांदेखत गाड्या आणून उभ्या करतील."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं. मी वहिनीकडं बघितलं. ती गादीवाल्याला न्याहाळत होती.

"मी गप्प बसले तर उद्या हे तुझ्या हातात राहील," ती म्हणाली. "आज तू माझा आहेस. उद्या मेव्हण्याची नोकरी निघाली तर?"

"मावशी! माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर कशाला, सगळ्यांवर आहे. म्हणूनच सांगून टाकते. जे सगळ्यांना माहीत, त्याचा धाक कुणी घालू शकत नाही."

तिसऱ्या मीटिंगला हॉल भरून ओसंडत होता. वहिनी उभी राहिली, सरळ साहेबांकडं बघून म्हणाली, "पेटी आम्ही झाकत होतो. धूर आला की ओल्या चादरीनं. मीच. माझी सूनही." आणि सगळी रीत सांगितली, हातवाऱ्यांसकट. मागून कुणीतरी हसलं. वॉचमन, भट्टीवाली, सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतके दिवस ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांच्याकडं बघून आता प्रत्येकाला कुठं तोंड लपवू असं झालं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे यंत्रात ढवळाढवळ केलीत."

"यंत्राला हात लावला नाही. वर कापड टाकलं."

"आणि निकाल तुमच्या विरुद्ध गेल्यावर आता सांगताय. उद्या पुन्हा पेटी लावली, तर तुम्ही तिच्याखाली शेगडी पेटवून ठेवणार नाही हे कशावरून?"

हॉलमध्ये संताप उसळला. गादीवाला तर बाकावर चढला. पण वहिनी? अहो, वहिनीचा चेहरा उजळला! माझ्याकडं वळून म्हणाली, "भावजी, हा माणूस चांगला आहे. हा विचारतो."

मग साहेबांना म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मीही हेच विचारलं असतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा माणूस आमच्या अंगणात बसवा, सकाळ-संध्याकाळ, पेटीला कुणी शिवतं का बघायला. आणि वरच्या डेपोजवळ जी पेटी आहे, तिच्याशेजारी मी बसते. तुम्ही आमची पेटी राखा, मी तुमची राखते."

साहेबांनी पाहणीवालीकडं बघितलं. पाहणीवाली चटकन म्हणाली, "मी बसते इथं." साहेब थोडा वेळ पेनाशी चाळा करत राहिले. आता नाही म्हणायला जागा नव्हती, संशय त्यांनीच काढला होता ना! म्हणाले, "ठीक आहे. पण कुणी जवळ आलेलं दिसलं, की मोजणी बाद."

असं ते ठरलं. वहिनीनं घरात तंबी दिली, पेटीकडं कुणी फिरकायचं नाही, आणि सगळ्यात आधी टेबल दुसऱ्या टोकाला हलवलं. म्हणाली, "माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

वरच्या बाजूला स्टूल उचलून न्यायला मी बरोबर गेलो. काय सांगू ती जागा! धूर उडवून नेणारा टेकडीवरचा वारा, रुंद रस्ते, दोन्हीकडं झाडं, डेपोभोवती हिरवं कुंपण, आणि पेटी एका फुलांच्या वाफ्याशेजारी. वहिनी स्टुलावर बसली, मांडीवर पिशवी, डोळे पेटीवर. येणारे-जाणारे आमच्याकडं बघत. थोड्या वेळानं एक बाई कुत्रं घेऊन आली. कुत्र्यानं वहिनीला हुंगलं, आणि बाईनंही जवळजवळ तेच केलं.

"तुम्ही काय विकताय?"

"काही नाही. पेटी राखतेय."

"कुणी सांगितलं राखायला?"

"मीच."

बाईचा चेहरा आणखी संशयी झाला. "इथं काय गडबड आहे का? आम्हाला तर सांगितलंय, जुन्या गाड्या लवकरच इथून जाणार. खाली, कुठल्यातरी मोकळ्या मैदानात. तिथं कुणी राहत नाही म्हणे."

वहिनीनं पेटीवरचे डोळे पहिल्यांदा काढले. म्हणाली, "तो कुणी म्हणजे मी."

बाईनं कुत्र्याचा पट्टा सैल सोडला. कुत्रं बसलं. मग त्या दोघी किती बोलल्या! बाईचा नातू दम्याचा, गाड्या जाव्यात म्हणून तिनंच सह्या गोळा केल्या होत्या. "मला वाटलं, कुठंतरी रिकामी जागा असेल," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वहिनी म्हणाली, "वाटून घेण्याआधी विचारायचं." पण रागानं नाही. रोज सकाळी ती बाई यायची, आणि एक दिवस कुत्र्याऐवजी स्वतःचं स्टूल घेऊन आली. परतताना वहिनी मला म्हणाली, "इतकी का गोड वागतेय?" मी म्हटलं, "चांगली आहे म्हणून असेल." वहिनी म्हणाली, "असेलही. बघू."

इकडं खाली पाहणीवाली अंगणात, पेटीपासून जरा लांब बसायची. पहिल्या सकाळी इंजिनं खाकरली, सगळे "झाका!" ओरडत धावले, आणि सुनेनं सवयीनं तिच्याच डोक्यावर ओली चादर टाकली. तिनं ती काढली नाही म्हणे. तशीच बसून राहिली, फक्त डोळे बाहेर, पेटीवर.

चौथी मीटिंग. या वेळी कागदावरच्या रेघा एकमेकींच्या ओळखीच्याही वाटत नव्हत्या. आमची रेघ सकाळी छताला, संध्याकाळी छताला. हॉलमध्ये कुणी आनंदानं ओरडलं नाही. आपण काय श्वासात घेतोय ते रेघेत बघितल्यावर माणसाला ओरडायला होत नाही. मी दादाकडं बघितलं. तो रुमालाची घडी घालत होता.

वहिनी उठली. "साहेब, नकाशात आमचं दोऱ्यांचं मैदान काय म्हणून दाखवलंय?"

साहेबांनी पाहणीवालीला खूण केली. तिनं नकाशा उलगडला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मोकळी जागा."

"आणि वरचं फुलांचं?"

"बाग."

वहिनी एवढंच म्हणाली, "बरं." आणि खाली बसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुत्रेवाली बाई उभी राहिली. ती आलीय हेच आम्हाला माहीत नव्हतं. म्हणाली, "मी वरच्या बाजूची. सह्या मी गोळा केल्या होत्या. गाड्या आमच्या दारातून जाऊन यांच्या दारात याव्यात, यासाठी नव्हत्या केल्या."

साहेबांना दोन्हीकडून असं धरल्यावर काय करणार? लगेच हो म्हणाले नाहीत, कचेरीत बरीच खलबतं झाली. पण शेवटी पुन्हा हॉल भरला आणि साहेबांनी वाचून दाखवलं ते असं: वरच्या जुन्या गाड्या खाली येणार नाहीत, भंगारात जाईपर्यंत वरच राहतील. विजेच्या गाड्यांची पहिली खेप खालच्या डेपोला, कारण धूर तिथं जास्त. त्यानंतरच्या दोन्हीकडं वाटून. आणि कचेरी खरंच तसं करते की नाही हे बघायला एक समिती, तिच्यात दोन्ही वस्त्यांतलं एकेक माणूस.

आमच्या वस्तीतून कोण हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांनी एकदम वहिनीकडं बघितलं. गादीवाल्यानंच नाव सुचवलं, कमी आवाजात, म्हणजे शेजारच्या रस्त्यापर्यंतच ऐकू गेलं. कुणीतरी साहेबांना विचारलं, "तुमची काही हरकत?" साहेब कागद गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. त्यांनाच घ्या."

टाळ्या झाल्या. बाहेर पडताना वहिनी माझ्या बाजूला सरकली. कपाळाला आठ्या.

"भावजी, साहेब ते मनापासून म्हणाले की टोमणा होता?"

"वहिनी, दोन्ही असेल."

ती चार पावलं विचार करत चालली. मग मागं वळून हॉलच्या दारात उभ्या साहेबांकडं नीट निरखून बघितलं, आणि म्हणाली, "असंच असेल तर आमचं जमेल. पण एवढ्या लवकर मानले कसे? पहिली खेप येईपर्यंत मला झोप लागायची नाही."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर आत जाऊन बघीन की, आहेत का सगळ्या."